खेळवणे आणि फसवणे

भयकथा, भयपट आणि भयमालिका यांच्याविषयी बोलू लागले की आपल्याकडे दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक चेहरा प्राध्यापकांचा : "एवढा वेळ चांगल्या कादंबरीला दिला असता तर?" दुसरा मित्रांचा : "शेवट सांगू नकोस हं!" पहिल्या चेहऱ्याला मी आजवर उत्तर दिलेले नाही, दुसऱ्याचे म्हणणे मात्र नेहमी मान्य केले आहे. या लेखात दोन्ही गोष्टी उलट्या करायच्या आहेत. प्राध्यापकांना उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे आणि एका मालिकेच्या काही भागांचे शेवट उघड सांगणार आहे. ज्यांना ती कोरी पाहायची असेल त्यांनी ही पाने तूर्त उलटावीत.

मराठीत दोन क्रियापदे आहेत : खेळवणे आणि फसवणे. कोळी गळाला लागलेला मासा खेळवतो, आई मुलाला खेळवते, गवई समेवर येण्यापूर्वी श्रोत्यांना खेळवतो. सावकार मात्र कुळाला फसवतो. दोहोंतही एकाच्या हाती सूत्रे असतात आणि दुसरा त्या सूत्रांवर हलतो. मग भेद कोठे? माशाला विचाराल तर तो म्हणेल, काहीच भेद नाही. परंतु मुलाला आणि श्रोत्याला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल. रहस्य आणि भय यांची कला ही मुळातच प्रेक्षकाच्या मनाची सूत्रे हाती घेण्याची कला आहे. म्हणूनच तिच्या बाबतीत हा भेद नुसता शब्दांचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

ज्या मालिकेमुळे हा विचार सुरू झाला तिचे नाव 'इनसाइड नंबर नाइन'. बीबीसी टू या ब्रिटिश वाहिनीवर ती २०१४ ते २०२४ या काळात झाली. रीस शिअरस्मिथ आणि स्टीव्ह पेंबरटन हे दोघे तिचे लेखक आणि तेच तिचे प्रमुख नट. अर्ध्या तासाचा एक भाग, प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र, पात्रे स्वतंत्र. दोनच गोष्टी समान : कथेची जागा कोठल्या तरी प्रकारे 'नऊ' या आकड्याशी जोडलेली असते आणि प्रत्येक भागात कोठे तरी सशाची एक छोटी मूर्ती ठेवलेली असते. नऊ पर्वांत मिळून पंचावन्न भाग झाले. त्या सशाला कथेत काही काम नसते. तो फडताळावर, टेबलाच्या कोपऱ्यात, कधी अगदी समोर असतो आणि तरीही आपल्याला दिसत नाही. मला वाटते, लेखकांनी आपल्या कलेचे मर्मच त्या सशाच्या रूपाने मांडून ठेवले आहे. 'तुमच्यापासून आम्ही काहीही लपवलेले नाही. तुम्हीच नीट पाहिले नाही,' असे तो ससा म्हणत असतो.

या मालिकेची जात मिश्र आहे. ती हसवते आणि घाबरवते, आणि हे दोन्ही एकाच वाक्यात करते. संस्कृत साहित्यशास्त्र शिकलेल्यांना येथे शंका येईल. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसांचे परस्परविरोध सांगितले आहेत. त्यांत हास्याला भयानक आणि करुण हे विरोधी मानले आहेत. शास्त्रकाराचे निरीक्षण चुकीचे नाही. हसणारा माणूस सैलावतो, भ्यालेला आखडतो; दोन्ही एकदम कसे होणार? पण या दोन लेखकांनी नेमका त्या विरोधाचाच उपयोग केला. आधी हसवून सैल करायचे आणि सैलावलेल्या जागीच टाचणी टोचायची.

पहिलाच भाग पाहा. त्याचे नाव 'सार्डिन्स'. एका जुन्या, मोठ्या घरात साखरपुड्याचे निमित्त आहे आणि पाहुणे लपंडावाचा एक उलटा प्रकार खेळत आहेत. एकाने लपायचे, ज्याला तो सापडेल त्याने गुपचूप त्याच्या शेजारीच लपायचे. अशा रीतीने एका कपाटात एकेक करून माणसे कोंबली जातात. अवघडलेली माणसे, जुने हेवेदावे, ज्याच्या अंगाला वास येतो अशा एका पाहुण्याविषयी टोमणे. आपण हसत राहतो. हळूहळू बोलण्याच्या फटींतून कळू लागते की, या घरात पूर्वी एका लहान मुलावर अत्याचार झालेला आहे आणि घरातील वडीलधाऱ्याने तो पचवलेला आहे. शेवटी कपाटाला बाहेरून कुलूप लागते. लावणारा तोच मुलगा, आता मोठा झालेला. आपण हसलो ते कशावर, हा प्रश्न घेऊन आपण बाहेर राहतो. कपाटाच्या आत कोंडलेल्यांपैकी आपणही एक होतो की काय, असेही वाटून जाते. कारण गप्प बसून मजा पाहण्याचे काम आपणही अर्धा तास केलेले असते.

येथे लेखकांनी आपल्याला खेळवले, यात शंका नाही. पण फसवले का? मी तो भाग पुन्हा पाहिला. शेवटाकडे नेणारी वाक्ये सर्वांच्या देखत उच्चारलेली होती. पहिल्या वेळी ती विनोद म्हणून ऐकली होती, दुसऱ्या वेळी ती पुरावा म्हणून ऐकू आली. वाक्य तेच, ऐकणारा बदललेला. जी कथा दुसऱ्यांदा पाहता येते आणि दुसऱ्यांदा अधिक बोलते, तिने पहिल्यांदा खोटे बोललेले नसते. ही माझी पहिली कसोटी.

रहस्याच्या संदर्भात आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफो याला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतील एक दृष्टान्त आता सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन माणसे टेबलाशी बसून किरकोळ गप्पा मारीत आहेत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, बस्स. आता तेच दृश्य, पण बॉम्ब आहे आणि तो किती वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवलेले. मग त्याच किरकोळ गप्पा असह्य होतात. पंधरा मिनिटे प्रेक्षक मनात ओरडत राहतो, 'अरे, उठा तेथून!' म्हणजे उत्कंठा ही अज्ञानातून नव्हे, तर ज्ञानातून निर्माण होते. प्रेक्षकाला माहिती देणे हेच त्याला धरून ठेवण्याचे उत्तम साधन आहे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. खेळवणाऱ्याला खोटे बोलण्याची गरजच नसते.

'इनसाइड नंबर नाइन'मधला माझ्या मते सर्वांत हृदयस्पर्शी भाग 'द ट्वेल्व डेज ऑफ क्रिस्टीन' (२०१५) हा याचेच उदाहरण आहे, मात्र थोड्या वेगळ्या वळणाचे. क्रिस्टीन नावाच्या एका साध्या तरुणीचे आयुष्य आपण तुकड्यातुकड्यांनी पाहतो : प्रेम, लग्न, मूल, घटस्फोट, वडिलांचे जाणे. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा काही काळ पुढे गेलेला. मधूनमधून घरात एक अनोळखी माणूस दिसतो, अंडी फुटतात, तिला स्वतःलाच काही आठवेनासे होते. आपण भूतकथेची वाट पाहतो. 'हा माणूस कोण? हे घर झपाटलेले आहे काय?' शेवटी कळते की, मोटारीच्या अपघातात मरणाच्या दारी असलेल्या एका बाईच्या डोळ्यांपुढून तिचे आयुष्य सरकत होते. भूत नव्हतेच. भीती विरघळते आणि मागे नुसते दुःख उरते. भीतीच्या वाटेने नेऊन लेखकांनी आपल्याला करुणेच्या दारात सोडले. या चकव्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. उगाच रडवायला बसले असते तर मी सावध झालो असतो. घाबरायला तयार होऊन बसलो होतो म्हणून रडणे अडवता आले नाही.

याच्या शेजारी आपल्याकडच्या रोजच्या मालिकांमधले रहस्य ठेवून पाहावे. भाग संपताना दाराची कडी हलते, नायिकेचे डोळे विस्फारतात, संगीत कडाडते. दुसऱ्या दिवशी दार उघडते तर मांजर! हा बॉम्ब टेबलाखाली नसतोच. असल्याचा नुसता आवाज काढलेला असतो. उद्या आपण पुन्हा टीव्हीपुढे बसावे, एवढाच त्या मांजराचा हेतू. आपल्या भाषेत गूढ लिहिणाऱ्यांची परंपरा काही दुबळी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भीती कशी चाखावी हे शिकवले. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले'ने कोकणातल्या वाड्यातला काळोख घरोघर नेला, आणि लोक तो आवडीने पाहत होते, याचे कारण त्यांना चांगली भीती हवी होती. पण रोज एक भाग, असा रतीब घालायचा म्हटला की उत्कंठेत पाणी मिसळावे लागते. त्यात लेखकाचा दोष किती आणि पद्धतीचा किती, हे ठरवणे कठीण आहे. मात्र रोज मांजर पाहून पाहून प्रेक्षक दाराकडे बघेनासा होतो आणि खरेच कोणी आले तरी त्याला काही वाटत नाही, हे नुकसान प्रेक्षकाचे आहे.

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी या मालिकेचा एक खास भाग थेट प्रक्षेपित झाला. नाव 'डेड लाइन'. सुरुवातीला एका म्हाताऱ्याला स्मशानात मोबाइल फोन सापडतो, अशी कथा चालू होते. काही मिनिटांत आवाज बंद पडतो. वाहिनीवरून दिलगिरी व्यक्त होते. आवाज परत येतो, पुन्हा जातो. अखेर सांगण्यात येते की, तांत्रिक अडचणीमुळे आजचा भाग रद्द करून त्याऐवजी 'अ क्वाएट नाइट इन' हा जुना भाग दाखवण्यात येत आहे. (हा भाग जवळजवळ पूर्णपणे संवादरहित आहे! आवाज गेल्यावर मुका भाग लावणे, ही त्यातली चेष्टा जाणत्यांनाच कळावी.) जुना भाग सुरू होतो. कित्येक प्रेक्षकांनी येथेच दुसरी वाहिनी लावली. जे थांबले त्यांना दिसले की, त्या जुन्या भागात काही तरी शिरले आहे; मग पडद्यामागची खोली दिसते, आणि तिथे ते दोघे लेखक-नट स्वतःच्याच नावाने, वेषभूषेतच, कंटाळून बसलेले. स्टुडिओ झपाटलेला आहे, अशी ती खरी गोष्ट होती. आवाज जाणे, दिलगिरी, जुना भाग हे सारे लिहिलेलेच होते. भाग चालू असतानाच शिअरस्मिथने समाजमाध्यमावर विचारले होते की, आम्ही दोघे आत्ता बीबीसी टूवर दिसतो आहोत का?

यावर माझी पहिली प्रतिक्रिया टाळी वाजवण्याची होती. दुसरी मात्र थोडी अस्वस्थतेची. येथे खेळवणाऱ्याने रंगमंचाची चौकट ओलांडली. कथेतले पात्र खोटे बोलले तर आपण ते गृहीत धरतो; पण 'क्षमस्व, तांत्रिक अडचण आहे' हे वाक्य आपण कथेबाहेरचे मानतो. कोलरिजने १८१७ साली ज्याला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवणे म्हटले, त्यात 'स्वखुशीने' हा शब्द महत्त्वाचा आहे. या वाक्यापाशी प्रेक्षकाची स्वखुशी विचारलेली नव्हती.

हा धोका काल्पनिक नाही. त्याच बीबीसीवर, ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी 'घोस्टवॉच' नावाचा कार्यक्रम झाला होता. लेखक स्टीफन व्होक. लंडनजवळच्या एका साध्या घरात भूत आहे आणि त्याची थेट पाहणी चालू आहे, असे त्याचे रूप. वस्तुतः सगळे आधीच चित्रित केलेले नाटक होते आणि आरंभी लेखकाचे नावही दाखवलेले होते. परंतु निवेदक म्हणून बसले होते मायकेल पार्किन्सन, ज्यांच्या मुलाखती लोक वर्षानुवर्षे पाहत आले होते. प्रेक्षकांसाठी दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. तो फिरवणाऱ्याला हे नाटक आहे असे सांगण्याची सोयही केलेली होती. पण एवढे फोन आले की, अनेकांना नुसता 'लाइन व्यस्त'चा सूर ऐकू आला. खरे काय ते विचारायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळाले नाही. कार्यक्रमानंतर काही दिवसांनी एका अठरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली व त्याच्या आई-वडिलांनी कार्यक्रमाला दोष दिला. १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा कार्यक्रम पाहून मनावर गंभीर परिणाम झालेल्या दोन दहा वर्षांच्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये प्रसारणाच्या मर्यादा पाहणाऱ्या आयोगानेही बीबीसीला दोषी धरले. एका जिवाचा भार एका कार्यक्रमावर टाकता येतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. लोक भुताला भ्याले नाहीत. ते पार्किन्सनवर विश्वास ठेवल्यामुळे भ्याले.

हे वाक्य मी पुस्तकातून शिकलो नाही. ते मला वसतिगृहात शिकायला मिळाले.

दोन वर्षांपूर्वी वसतिगृहात प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आला. अबोल, पण माझ्याशी बोलायचा. मेसची वेळ, ग्रंथालयाचे कार्ड, कोणत्या सरांच्या तासाला गैरहजर राहू नये, सगळे मलाच विचारायचा. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. आम्ही चौघांनी ठरवले की थोडी गंमत करू. त्याच्या खोलीत पूर्वी राहणाऱ्या मुलाविषयी एक गोष्ट रचली आणि ती सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे तो ऐकत असे. मी गंभीरपणे सांगितली. मग ठरल्याप्रमाणे कोणी खिडकी वाजवली, कोणी त्याच्या फोनवर नुसता श्वासाचा आवाज ऐकवला. तो ओरडला नाही. फक्त माझा हात घट्ट धरून बसला. वीज आली तेव्हा आम्ही सगळे हसत होतो आणि त्याने माझा हात सोडला. महिनाभर तो दिवा लावून झोपत असे. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा म्हणालो, "अरे, गंमत होती, तुला खरं कसं वाटलं?" तो म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून."

ज्यांना या लेखात एका परक्या मालिकेचे कौतुक एवढेच दिसत असेल त्यांनी या तीन शब्दांचा विचार करावा. भीती घालण्यात आम्ही हिचकॉकहून कमी नव्हतो. अंधार, आवाज, वेळ सगळे नेमके साधले होते. चुकले ते एवढेच की, त्याला खेळात घेतले नव्हते. आम्ही चौघे खेळत होतो आणि तो जगत होता.

येथे कोणी म्हणेल की, कलेला असले करार लावू नका. पूर्वसूचना देऊन कधी कोणी घाबरतो काय? हा आक्षेप मला पूर्वी बिनतोड वाटे. आता वाटत नाही. 'डेड लाइन'ला मी शेवटी 'घोस्टवॉच'च्या पंक्तीला बसवत नाही, ते यासाठीच. तो भाग पाहायला बसलेला प्रेक्षक बहुतांशी चार वर्षे या लेखकांच्या घरी जेवलेला होता. हे चकवणार, हे ठाऊक असूनच तो आला होता. नव्हे, त्यासाठीच आला होता. पत्त्यांची जादू पाहणारा जादूगाराला लबाड म्हणत नाही. पण तेच पत्ते घेऊन जुगाराच्या अड्ड्यावर बसला तर म्हणतो. हातचलाखी तीच, बैठक निराळी. तरीही दिलगिरीचे ते निवेदन त्यांनी वर्षातून एकदाच वापरावे असे मला वाटते, आणि बातम्या देणाऱ्याने तर कधीच नव्हे. आज फोनवर रोज कोणी ना कोणी, ओळखीच्या माणसाच्या नावाने, खरे वाटेल असे काही तरी पाठवत असतो. ज्या आवाजाकडे आपण खरे काय ते विचारायला जातो तो आवाज भीतीच्या व्यापाराला उसना देऊ नये. तो एकदा गेला की खरी आग लागल्यावर ओरडायला कोणता आवाज उरणार?

तेव्हा प्राध्यापकांना माझे उत्तर असे की, चांगली भयकथा वेळ फुकट घालवत नाही. आपल्या मनाची सूत्रे कोठून हलतात हे ती सुरक्षित जागी बसवून दाखवते. सशाकडे पाहायला शिकलेला माणूस बाहेरच्या लबाडीकडेही जरा निरखून पाहतो. आणि वाईट भयकथा याच्या उलट शिकवते : पाहू नका, फक्त दचका.

यंदा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही वसतिगृहात 'डेड लाइन' लॅपटॉपवर लावला. मी शेजारच्या खोलीचे दार वाजवले आणि त्याला विचारले, येतोस का? तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "आधी काय आहे ते सगळं सांग." मी सगळे सांगितले. आवाज जातो तो खोटा, दिलगिरी खोटी, जुना भाग मध्येच तुटतो, कोण मरते, कसे मरते, काहीही राखून ठेवले नाही. बाकीचे मित्र चिडले. शेवट सांगितलास, आता मजा काय राहिली?

तो येऊन माझ्या शेजारी बसला. जुना भाग सुरू झाला तेव्हा खोलीत सर्वांत आधी तोच पुढे सरकला, कारण पुढे काय येणार हे त्याला माहीत होते. आणि ते आले तेव्हा तो इतका दचकला की त्याच्या हातातला चहा माझ्या पायावर सांडला.

"सगळं माहीत होतं रे," तो म्हणाला, आणि हसू लागला.